पोलिसाच्या कमरेचे पिस्तूल



पनवेलच्या शेजारी करंजाडे म्हणून गाव आहे. सिडकोने तेथे नवी वसाहत वसविली, आणि नवी मुंबईच्या विमानतळासाठी ज्यांना आपली गावे सोडावी लागली, अशा कित्येक कुटुंबांना तेथे व लगतच्या वडघरात जागा मिळाली. त्या विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले. विमानतळ आला की तपासणीची यंत्रे आली आणि सशस्त्र पहारेकरीही आले. या दोहोंचा ज्या एका वस्तूशी संबंध येतो, तिच्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. ती वस्तू म्हणजे प्लास्टिकच्या सांगाड्याचे पिस्तूल.

1986 च्या सुमारास अमेरिकेत मोठा गवगवा झाला की, ऑस्ट्रियात तयार होणारे एक पिस्तूल विमानतळावरील क्ष-किरणांना दिसतच नाही. ही समजूत सर्वस्वी खोटी होती. त्या पिस्तुलाची मूठ व खालचा सांगाडा तेवढा प्लास्टिकचा असतो. नळी, वरचा सरकता भाग आणि आतील बहुतेक कळा पोलादाच्याच असतात. त्याच्या वजनातही पोलादाचाच वाटा मोठा. तथापि या गवगव्यामुळे लोकांचे लक्ष भलतीकडेच वेधले गेले. त्या पिस्तुलातील खरे नावीन्य प्लास्टिकात नव्हतेच. ते कशात होते, हे कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

आपल्या सैन्यात व पोलिसांत ज्याचा दीर्घकाळ वापर झाला, ते 9 मिलिमीटरचे पिस्तूल बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात तयार होत आले आहे. त्याचा मूळ नमुना 1935 चा, बेल्जियममधील. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने त्याची आखणी आरंभिली व त्याच्या मृत्यूनंतर साव्ह नावाच्या बेल्जियन तंत्रज्ञाने ती तडीस नेली. सर्वांगी पोलादाचे, मॅगझिनमध्ये 13 काडतुसे मावणारे असे हे भक्कम शस्त्र आहे. भरलेल्या अवस्थेत ते निर्धोक राखावयाचे, तर घोडा चढवून बाजूची खिट्टी लावावी लागते, आणि वेळ येताच ती अंगठ्याने खाली ओढावी लागते. शांतपणी हे काम क्षुल्लक आहे. परंतु समोर मृत्यू उभा असता आणि हात थरथरत असता अंगठ्याला त्या खिट्टीची आठवण राहीलच, असे कोणी सांगावे?

1980 साली ऑस्ट्रियाच्या सैन्याला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील जुन्या पिस्तुलांऐवजी नवी हवी होती. व्हिएन्नाजवळच्या डॉइच-वाग्राम गावी गॅस्टन ग्लॉक नावाचे गृहस्थ पडद्यांच्या दांड्या आणि सैन्यासाठी सुऱ्या तयार करीत असत. पिस्तूल त्यांनी पूर्वी कधी केले नव्हते. त्यांनी जाणत्या लोकांना विचारून घेतले, प्लास्टिक ओतण्याच्या कामाचा आपला अनुभव उपयोगात आणला, आणि 1982 मध्ये सैन्याने त्यांचेच पिस्तूल पसंत केले. प्लास्टिकच्या सांगाड्याचे पिस्तूल त्यापूर्वीही, 1970 साली, पश्चिम जर्मनीत निघाले होते; पण त्याचा चाप फार जड असल्याने ते फारसे रुजले नाही.

ग्लॉकच्या पिस्तुलात 17 काडतुसे मावतात आणि रिकामे असता त्याचे वजन सुमारे 625 ग्रॅम भरते. सुटे भाग अवघे तीन डझनांच्या आत. नायलॉनच्या जातीच्या त्या सांगाड्यात पोलादाचे लहान तुकडे बसविलेले असून, वरचा भाग त्यांवरून मागेपुढे सरकतो. हा सांगाडा गंजत नाही. पावसाळ्याचे चार महिने ज्यांच्या घरातील कडीकोयंड्यांवर तांबेरा चढतो, त्या कोकणातील श्रोत्यांना याचे मोल वेगळे सांगावयास नको.

मुख्य गोष्ट ही की, या पिस्तुलाला बाहेरची खिट्टी नाही. तीन अडसर आहेत, ते सर्व चापाशी जोडलेले. पहिला चापाच्या तोंडावरच एका लहान पात्याच्या रूपाने असतो. बोट त्यावर नीट पडल्यावाचून चाप मागे येत नाही. दुसरा काडतुसावर आघात करणाऱ्या टोचणीला अडवून धरतो. तिसऱ्यामुळे पिस्तूल हातून पडले तरी गोळी सुटत नाही. चाप ओढताच तिन्ही क्रमाने बाजूला होतात, आणि सोडताच पुन्हा आपल्या जागी येतात. शिपायाने काही लक्षात ठेवावयाचे नाही. चाप ओढला की गोळी सुटली.

पण येथेच या सोयीची किंमतही मोजावी लागते. यंत्राने जो विसर पत्करला, त्याची जबाबदारी माणसाच्या बोटावर येऊन पडली. पिस्तूल साफ करण्यासाठी उघडावयाचे, तर आधी चाप ओढावा लागतो. नळीत एखादे काडतूस विसरून राहिले असेल, तर ते तत्क्षणी सुटते. वॉशिंग्टन शहराच्या पोलिसांनी 1988 पासून ही पिस्तुले घेतली, आणि पुढील दहा वर्षांत अनवधानाने गोळी सुटल्याचे शंभरांहून अधिक प्रसंग घडल्याचे तेथील वृत्तपत्राने 1998 मध्ये प्रसिद्ध केले. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी तर नेहमीपेक्षा पुष्कळ जड चापाची मागणी केली. चाप जड केल्याने अपघात टळतो हे खरे. पण नेमही त्याच मानाने बिघडतो. सरावाची जागा स्प्रिंग घेऊ शकत नाही.

आता आपल्या मुंबईकडे वळू. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना अतिरेक्याच्या बंदुकीची नळी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्या पराक्रमाने आपण नम्र होतो. पण आपल्या शिपायाला असा पराक्रम करावा लागला, याची खंतही वाटली पाहिजे. त्यानंतर 2009 मध्ये राज्याने फोर्स वन हे पथक उभे केले, आणि पोलिसांसाठी घेतलेल्या नव्या शस्त्रांत ग्लॉकही आले. पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रसंशोधन संस्थेने महूच्या पायदळ शाळेच्या साहाय्याने तयार केलेले ‘अस्मि’ हे स्वयंचलित पिस्तूल जानेवारी 2021 मध्ये जाहीर झाले. त्याचा खालचा भाग कार्बनच्या तंतूंचा आहे. 9 मिलिमीटरची काडतुसे तर पुण्याजवळच्या खडकीस, 1869 साली स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्यातही होतात.

तेव्हा साधन मिळाले, काडतूसही मिळाले. राहिले ते त्या बोटाचे शिक्षण. नेमबाजीच्या मैदानावर वर्षातून कितीदा जाण्याची संधी शिपायाला मिळते आणि तेथे त्याला किती काडतुसे दिली जातात, यावर त्याचे प्राण अवलंबून आहेत, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या आपल्या मुलाबाळांचेही. खिट्टी नसलेले पिस्तूल ज्याच्या हाती द्यावयाचे, त्याच्या सरावात काटकसर करणे कोणत्याही सरकारला परवडणारे नाही. पिस्तुलांच्या खरेदीच्या वार्ता आपण वाचतो. सरावाचा हिशेबही आपण विचारला पाहिजे.