मेदयुक्त यकृत : ताटापासून हृदयापर्यंत

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात, लखनौ येथे वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या शाळेत मी पाढे पाठ केले, तिच्या हीरक महोत्सवात बोलण्याची संधी मिळाली, हे मी माझे भाग्य समजतो. गेली तीस वर्षे माझे वास्तव्य लखनौत आहे. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली जिथे संगीत महाविद्यालय उभे राहिले, ते हे शहर मराठी माणसाला परके नाही. गाण्याइतकीच त्याची खाण्याचीही कीर्ती आहे. २०२५ साली युनेस्कोने पाककलेसाठी त्याला सर्जनशील शहरांच्या यादीत स्थान दिले. निहारी-कुल्चे, खस्ता कचोरी, हिवाळ्यातली मक्खन-मलई यांचा मीही मनसोक्त आस्वाद घेतला आहे. आजचा विषय त्या आस्वादाच्या दुसऱ्या बाजूचा आहे.

सात वर्षांपूर्वी पित्ताच्या तक्रारीसाठी मी पोटाची सोनोग्राफी करून घेतली. अहवालाच्या शेवटी एक ओळ होती : ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’. माझे वजन तेव्हा चौसष्ट किलो होते आणि मद्याला मी कधी स्पर्श केलेला नव्हता. रुग्णांच्या अहवालांत ही ओळ नित्य दिसते, म्हणून मी तो कागद कपाटात ठेवून दिला. दोन वर्षांनी एका पहाटे छातीत कळ आली आणि हृदयाच्या रोहिणीत स्टेंट बसवावा लागला. केवळ यकृतातील मेदामुळे हे घडले, असे मी म्हणणार नाही. परंतु दोन्हींचे मूळ एकच होते, आणि त्याची सूचना मला दोन वर्षे आधी मिळाली होती. डॉक्टर असूनही मी ती मनावर घेतली नाही. ती चूक आपल्याकडून होऊ नये, म्हणून हे निवेदन.

यकृत हा सुमारे दीड किलो वजनाचा अवयव आहे. त्यात थोडा मेद असतोच; तो पाच टक्क्यांहून अधिक झाला की त्यास मेदयुक्त यकृत म्हणतात. १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील युर्गेन लुडविग यांनी मद्यपान न करणाऱ्यांच्या यकृतातही मद्यप्यांसारखीच दाहक विकृती आढळते, हे दाखवून दिले. २०२३ मध्ये तज्ज्ञांनी या आजाराच्या नावातून ‘मद्यविरहित’ हा शब्द काढला आणि चयापचयातील बिघाडाशी त्याचे नाते जोडले. हा बदल योग्यच झाला. ‘मी पीत नाही, मग मला कसे?’ हा प्रश्न माझ्या खोलीत रोज विचारला जातो, आणि लाजेपोटी अनेक जण हा आजार घरीही सांगत नाहीत.

आता हृदयाशी असलेले नाते पाहू. गरजेपेक्षा जास्त साखर व पिष्ट पोटात गेले की यकृत त्याचे मेदात रूपांतर करते. काही मेद तेथेच साठतो, काही ट्रायग्लिसराइडच्या रूपाने रक्तात सोडला जातो. इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, रक्तातील साखर वाढते, हितकारक कोलेस्टेरॉल घटते आणि रोहिण्यांच्या भिंतींवर थर साचू लागतात. म्हणूनच मेदयुक्त यकृताच्या रुग्णांमध्ये मृत्यूचे सर्वांत मोठे कारण यकृताचा नव्हे, हृदयाचा विकार असते.

आपण सडपातळ आहोत, या समाधानात कोणी राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक आणि आतून मेदाळ, अशी ही भारतीय देहप्रकृती आहे. पश्चिम बंगालमधील गरीब ग्रामीण लोकांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही मेदयुक्त यकृत असलेल्यांपैकी पंचाहत्तर टक्के लोकांचा हा निर्देशांक २५ च्या आत होता. म्हणून वजनकाट्याबरोबर मोजपट्टीही वापरावी. पुरुषांची कंबर नव्वद आणि स्त्रियांची ऐंशी सेंटिमीटरहून अधिक असेल तर सावध व्हावे.

अहवालात ती ओळ आढळली तर घाबरू नये, पण कागद कपाटातही ठेवू नये. रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल तपासावे. सोनोग्राफीतील ‘ग्रेड’ मेदाचा अंदाज देते, यकृत किती निबर झाले ते सांगत नाही. त्यासाठी वय, यकृताची दोन विकरे आणि प्लेटलेट यांवरून ‘फिब-४’ हा साधा हिशेब डॉक्टर करू शकतात. यकृताला त्रास होईल या भीतीने कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद करू नये. टॉनिकच्या बाटल्यांनी यकृतातील मेद धुऊन निघेल, या भ्रमातही राहू नये.

खरा उपचार ताटात आहे. शीतपेये, बाटलीबंद रस आणि दिवसातून चार वेळा घेतला जाणारा गोड चहा-बिस्किटे यांपासून आरंभ करावा. उपवासाचा साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही आपल्या पूर्वजांनीच केलेली थट्टा आहे. वरण, मटकीची उसळ, कोशिंबीर, पालेभाजी, भाकरी, मूठभर शेंगदाणे, बिनसाखरेचे ताक हे आपले जुने जेवण आजही उत्तम. मात्र भात-पोळीचे प्रमाण आवरून भाजी-उसळीचे वाढवावे. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. मद्य घेणाऱ्यांनी ते सोडणेच हिताचे. वजन जास्त असल्यास पाच टक्के घटले तरी यकृतातील मेद उतरू लागतो. सात ते दहा टक्के घटल्यास दाहही कमी होतो. सत्तर किलोच्या माणसाला हे म्हणजे पाच ते सात किलो. मी सडपातळ असूनही तीन किलो उतरवले, चहातील साखर सोडली, आणि रोज पाऊण तास गोमतीच्या काठाने चालतो. गेल्या वर्षीच्या सोनोग्राफीत ती ओळ नव्हती. स्टेंट मात्र कायमचा आहे.

पालकहो, हा आजार आता मुलांतही आढळतो. आपल्या वेळी मधल्या सुट्टीत डब्यात पोळी-भाजी असे आणि घंटा होईपर्यंत आपण मैदानावर धावत असू. आजच्या डब्यात वेफर्सचे पाकीट असेल आणि मैदानाची वेळ शिकवणीने घेतली असेल, तर त्याचा हिशेब मुलांना चाळिशीत द्यावा लागेल. शाळेने सुदृढ शरीराची सवय लावली होती. ती आपण मोठेपणी मोडली. ती पुढच्या पिढीत लहानपणीच मोडू नये, एवढीच या वास्तूच्या साक्षीने विनंती.