परक्या घरातील सेवा आणि कायद्याचे संरक्षण



कारखान्यातील कामगाराचे काम संपले की तो आपल्या घरी जातो. जी स्त्री मालकाच्या घरीच राहून मुलांचा सांभाळ करते किंवा वृद्धांची शुश्रूषा करते, तिला अशी सुटका नसते. तिचे कामाचे ठिकाण आणि राहण्याचे ठिकाण एकच असते. काम सुटले की डोक्यावरचे छप्परही जाते. त्यातून ती परदेशातून आलेली असेल, तर त्या देशात राहण्याची परवानगीही अनेकदा त्याच मालकावर अवलंबून असते. वेतन, निवारा आणि वास्तव्य या तिन्ही गोष्टी एकाच हाती असल्या, की तो हात सज्जनाचा असणे ही केवळ दैवाची गोष्ट ठरते. कायद्याचे काम हे की, ती दैवावर सोपवू नये. या दृष्टीने कॅनडातील ओंटारिओ प्रांताचा अनुभव उद्बोधक आहे.

कॅनडाच्या केंद्र सरकारने १९९२ साली निवासी सेविकांसाठी एक योजना सुरू केली. तिच्याखाली आलेल्या स्त्रिया मोठ्या संख्येने फिलिपाइन्समधील होत्या. मालकाच्या घरी राहणे त्यांना बंधनकारक होते. आगमनापासून ३ वर्षांच्या आत २४ महिने काम पूर्ण केले, म्हणजे कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येत असे. मागे ठेवलेली मुलेबाळे जवळ आणण्याचा मार्गही तोच होता.

या योजनेत आशा होती आणि दोषही होता. कामाच्या परवान्यावर एकाच मालकाचे नाव असे. मालक बदलावयाचा तर नवा मालक शोधणे, त्याने शासनाची मान्यता मिळविणे आणि पुन्हा नवा परवाना काढणे, हे सारे आले. मधल्या काळात कमाई बंद आणि मुदत मात्र चालूच. त्यामुळे जादा कामाचा मोबदला मिळाला नाही, मुलांच्या सांभाळाबरोबर साऱ्या घराची झाडलोट करावी लागली, तरी सेविका मुकाट्याने सोसत. भरती करणारे दलाल त्यांच्याकडून हजारो डॉलर उकळीत. काही स्त्रिया तेथे पोहोचल्यावर त्यांना कळे की, कागदावरील मालक प्रत्यक्षात नाहीच. काहींची पारपत्रे काढून घेण्यात येत. २००९ साली अशा तक्रारी टोरांटोच्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाल्या आणि संसदीय समितीपुढेही मांडल्या गेल्या.

वस्तुतः किमान वेतनाचे नियम या सेविकांना पूर्वीपासूनच लागू होते. उणीव होती ती हे नियम वापरण्याचे बळ देणाऱ्या तरतुदींची. ती भरून काढण्यासाठी ओंटारिओच्या विधानसभेने डिसेंबर २००९ मध्ये स्वतंत्र कायदा संमत केला. २२ मार्च २०१० पासून तो अंमलात आला. त्यातील मुख्य तरतुदी चार होत. पहिली, भरतीसाठी सेविकेकडून कोणतेही शुल्क घेण्यास मनाई. दुसरी, तिच्या भरतीवर झालेला खर्च मालकाने तिच्याकडून वसूल करण्यास सर्वसाधारणपणे मनाई. तिसरी, तिचे पारपत्र वा अन्य कागदपत्रे ताब्यात ठेवण्यास मनाई. चौथी, हक्क मागितल्याबद्दल सूड घेण्यास किंवा धमकावण्यास मनाई. शिवाय या हक्कांची माहितीपत्रिका सेविकेच्या हाती देणे आवश्यक करण्यात आले.

तक्रारीसाठी ठेवलेली साडेतीन वर्षांची मुदत विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मालकाच्या घरात राहत असताना तक्रार करणे अवघड असते, हे ओळखूनच ती दीर्घ ठेवली गेली. घरातून बाहेर पडून पाय स्थिर झाल्यावरही सेविकेला दाद मागता यावी, हा हेतू.

तथापि या कायद्याच्याही मर्यादा होत्या. निरीक्षकाला कारखान्यात जाता येते, पण राहत्या घरात संमतीवाचून किंवा अधिपत्रावाचून प्रवेश नाही. म्हणून सारी भिस्त तक्रारीवर राहिली. दुसरे असे की, परवान्याचे बंधन केंद्राच्या अखत्यारीतील होते, ते प्रांताला सैल करता येईना. केंद्राने पुढे काही पावले टाकली. नव्या अर्जदारांसाठी मालकाच्या घरीच राहण्याची अट ३० नोव्हेंबर २०१४ पासून गेली. जून २०१९ पासून, छळ होत असलेल्या परदेशी कामगारास एका मालकाशी न बांधलेला परवाना मागता येऊ लागला. प्रांतानेही नोव्हेंबर २०१५ मध्ये आपला कायदा इतर परदेशी कामगारांना लागू केला, पारपत्र अडकवून ठेवणाऱ्या व्यक्तीसाठी दंडाची कमाल मर्यादा २०२३ मध्ये ५ लाख डॉलरवर नेली, आणि १ जुलै २०२४ पासून भरती करणाऱ्यांना परवाना सक्तीचा केला. कायदा एकदा करून भागत नाही, तो पुनःपुन्हा सुधारावा लागतो, याचा हा दाखला होय.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा करार संमत केला. आपले पारपत्र व ओळखपत्रे स्वतःजवळ बाळगण्याचा हक्क त्यातही नमूद आहे.

हा प्रश्न केवळ दूरदेशीचा नाही. मुंबई-पुण्याच्या घरांतून झारखंड, ओडिशाकडील मुली राहून काम करतात आणि आपल्याकडील स्त्रियाही सेवेसाठी परदेशी जातात. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम केला आणि त्यामुळे नोंदणीचा मार्ग खुला झाला. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या केंद्रीय कायद्याने घरकामगार स्त्रीला आणि राहत्या घराला आपल्या कक्षेत घेतले आहे. तिची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तालुक्याच्या ठिकाणी तक्रार स्वीकारणारा अधिकारी नेमण्याची आणि त्याने ती ७ दिवसांत समितीकडे पाठविण्याची तरतूदही त्यात आहे. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्यास १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाखाली नोंदणी आवश्यक आहे. भारतीय पारपत्र तर केंद्र सरकारची मालमत्ता आहे, कोणा मालकाने ते कुलपात ठेवावे अशी ती वस्तू नव्हे.

या तरतुदी गावापर्यंत पोहोचविणे हे कार्यालयांइतकेच शाळांचे आणि पंचायतींचे काम आहे. गावातील मुलगी कामासाठी बाहेर निघाली, तर तिला नेणारा कोण, त्याची नोंदणी आहे काय, मालकाचा पत्ता कोणता, याची विचारपूस ग्रामपंचायत सदस्याने अवश्य करावी. कागदपत्रांच्या प्रती घरी ठेवण्यास शिक्षकांनी सांगावे. तक्रार घेणारा अधिकारी कोण, हे पंचायतीच्या फलकावर ठळकपणे लिहिलेले असावे. बंद दारामागील स्त्रीची हाक सहजासहजी बाहेर येत नाही. म्हणून ती निघण्यापूर्वीच, कोणाला हाक मारावी हे तिला ठाऊक असले पाहिजे.