हरमटानचे दिवस



आपल्याकडे खारे वारे, मतलई वारे अशी वाऱ्यांना नावं आहेत. आज मी ज्या वाऱ्याबद्दल बोलणार आहे, त्याचं नाव हरमटान. सहाराच्या वाळवंटाकडून येणारा हा कोरडा, धुळीचा वारा पश्चिम आफ्रिकेत साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत वाहतो. घाना देशाच्या उत्तर टोकाला, बुर्किना फासोच्या सीमेजवळ नाव्रोंगो नावाचं लहानसं गाव आहे. राजधानी अक्रापासून रस्त्यानं सुमारे ८०० किलोमीटर. २०११ ते २०१३ अशी दोन वर्षं मी तिथल्या एका शाळेत गणित शिकवत होते.

नाव्रोंगोत पावसाचा हंगाम एकच, साधारण मे ते ऑक्टोबर. ज्वारी, बाजरी, भुईमूग ही तिथली पिकं. रस्त्याच्या कडेनं कडुलिंबाची झाडं, आणि तीही मूळची आपल्याकडून गेलेली. पावसाळ्यात तिथलं शिवार पाहिलं की सोलापूरकडची आठवण यावी. ऑक्टोबर सरत आला की समुद्रावरून येणारा दमट वारा मागं हटतो आणि ईशान्येचा कोरडा वारा त्याची जागा घेतो. मग गावाचं रूपच पालटतं.

सूर्य उगवतो तो फिकट, चंद्रासारखा. दाट धुळीच्या दिवशी एक किलोमीटरपलीकडचं काही दिसत नाही, विमानं रद्द होतात. भांड्यांवर, वह्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर पिठासारखी मऊ धूळ बसते. रात्री अंगावर पांघरूण लागतं आणि दुपारी पारा पस्तिशीत जातो. हवेतला ओलावा इतका आटतो की ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, मुलांच्या नाकातून रक्त येतं. बायका शियाच्या बियांपासून काढलेलं लोणी मुलांच्या अंगाला चोळतात. आपण थंडीत खोबरेल तेल लावतो, तसंच.

ही धूळ येते कुठून? तिचा एक मोठा उगम आहे नाव्रोंगोपासून सुमारे २,००० किलोमीटरवर, चाड देशातल्या बोडेले नावाच्या खोलगट प्रदेशात. हजारो वर्षांपूर्वी तिथं प्रचंड सरोवर होतं. ते आटलं आणि त्याच्या तळाशी सूक्ष्म शैवालांच्या कवचांचा भुगा राहिला. तिबेस्ती आणि एनेडी या दोन डोंगराळ प्रदेशांमधल्या वाटेनं वारा जोरात घुसतो आणि हा हलका भुगा उचलून नेतो. त्यातला काही भाग अटलांटिक ओलांडून थेट दक्षिण अमेरिकेपर्यंत जातो आणि तिथल्या जंगलांना खत पुरवतो. पण वाटेत तो लाखो माणसांच्या छातीतही जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या शिफारशीनुसार, दहा मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांचं प्रमाण दर घनमीटर हवेत दिवसाला सरासरी ४५ मायक्रोग्रॅमच्या आत असावं. हरमटानच्या दाट दिवसांत हा आकडा कित्येक शेकड्यांवर जातो.

गंमत म्हणजे घामानं चिकचिकणाऱ्या किनाऱ्यावर या वाऱ्याला पूर्वी 'डॉक्टर' म्हणत. कोरडी हवा आली की त्यांना बरं वाटायचं. उत्तरेत मात्र याच दिवसांची धास्ती असे. माझ्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई राहायच्या. सगळं गाव त्यांना आजीच म्हणे, मीही म्हणत असे. एकदा त्या म्हणाल्या, "माझा थोरला त्या वाऱ्यानं नेला." ते साल होतं १९९७. मुलाला ताप भरला, डोकं ठणकू लागलं, मान ताठली. दोन दिवसांत सगळं संपलं.

हा रोग म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह, मेनिंजायटिस. घानात त्याला 'सीएसएम' म्हणतात. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात तो कोरड्या दिवसांत उसळतो आणि पहिल्या पावसाबरोबर ओसरतो. १९९६-९७च्या साथीत या पट्ट्यात अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे २५,००० दगावले.

आजींचं म्हणणं खरं होतं का? रोगजंतू वाऱ्याबरोबर वाळवंटातून येत नाहीत. ते निरोगी माणसांच्याही घशात राहतात आणि एकाकडून दुसऱ्याकडे जातात. पण कोरडी हवा आणि धूळ यांनी नाकाघशाचं नाजूक अस्तर दुखावतं आणि जंतूंना रक्तात शिरायला वाट मिळते, असं शास्त्रज्ञ मानतात. त्यात थंडीमुळे माणसं बंद खोलीत दाटीवाटीनं झोपतात. उत्तर घानातच झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चुलीच्या धुराचाही या रोगाशी संबंध दिसला. म्हणजे वाऱ्यानं रोग आणला नव्हता, पण त्याला दार उघडून दिलं होतं.

या साथींमागं मुख्यतः 'ए' गटाचा जंतू होता. त्याच्यावर लस हवी, आणि ती अर्ध्या डॉलरपेक्षा स्वस्त हवी, तरच ती आम्हाला परवडेल, असं आफ्रिकी देशांचं म्हणणं होतं. २००१ साली त्यासाठी एक प्रकल्प सुरू झाला. ती लस बनली आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. डिसेंबर २०१०मध्ये बुर्किना फासोत ती प्रथम मोठ्या प्रमाणावर दिली गेली आणि २०१२मध्ये उत्तर घानात आली. एक ते एकोणतीस वयाच्या सगळ्यांना एकच टोचणी. आमच्या शाळेच्या आवारात रांग लागली. आजी नातवाला घेऊन सकाळीच आल्या होत्या. खोक्यावरचं 'पुणे' वाचून मी म्हटलं, "आजी, ही लस माझ्या मुलखातली." त्यांनी एकदा खोक्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नातवाला रांगेत पुढं सरकवलं. म्हणाल्या, "मग आधी का नाही आणली?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढं या पट्ट्यात ३५ कोटींहून अधिक लोकांना ही लस मिळाली. २०१७नंतर तिथं 'ए' गटाचा एकही खात्रीलायक रुग्ण नोंदला गेलेला नाही. रोग मात्र पुरता गेलेला नाही. २०१५मध्ये नायजरमध्ये 'सी' गटाची मोठी साथ आली. म्हणून पाच गटांवर चालणारी नवी लस, तीही पुण्याचीच, २०२४ साली नायजेरियात प्रथम वापरली गेली.

हरमटान दरवर्षी येतोच आहे आणि येत राहील. दमेकऱ्यांना, लहान मुलांना त्याचा त्रास आजही होतो. वाळवंटातली धूळ कुणाला अडवता येणार नाही. पण घरातली चूल बिनधुराची करणं, झोपायच्या खोलीची खिडकी उघडी ठेवणं, सुगीनंतर रानं न पेटवणं आणि पावसाळ्यातच पुढच्या हंगामाच्या लसी गावात पोहोचवणं, एवढं माणसांच्या हातात आहे. आजींचा प्रश्न ध्यानात ठेवायचा तर ही कामं वारा सुटायच्या आधीच व्हायला हवीत.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)