संगणकाची रोजकीर्द

व्यापाऱ्याच्या पेढीवर व्यवहार आधीं रोजकीर्दींत चढतो, मग सवडीनें खतावणींत जातो. खतावणी वाळवीनें खाल्ली, तरी तिची एखादी जुनी नक्कल आणि त्यापुढची कीर्द शाबूत असल्यास सारा हिशेब पुन्हां उभा राहतो. संगणकावरील डेटाबेसहि हीच शिस्त पाळतात. पोस्टग्रेस या जगभर विनामूल्य वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसांत प्रत्येक बदल आधीं कीर्दींत लिहिला जातो. सामान्यतः १६ मेगाबाइटांची एकेक वही भरत जाते. या वह्या अन्यत्र जपून ठेवल्या, कीं तें झालें दप्तर. त्यांतील नोंदी घडतां घडतां दुसऱ्या यंत्राकडे पाठविल्या, कीं तेथें मूळ पेढीची चालती प्रतिकृति तयार होते. मात्र प्रतिकृति चूकहि इमानानें उतरविते. म्हणून दप्तर हवेंच.

दप्तराची सोय २००५ सालीं व नोंदी अखंड पाठविण्याची २०१० सालीं आली. परंतु दोन्ही मुळांत बंद ठेवलेल्या असत. चालू करावयाच्या तर डेटाबेस थांबवून पुन्हां सुरू करावा लागे. भर बाजारांत दुकानाच्या फळ्या कोण लावणार? काम उद्यांवर जाई.

३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या कंपनीची प्रतिकृति मागें पडली. तिला हव्या असलेल्या वह्या मूळ यंत्रानें पुसल्या होत्या, आणि दप्तर ठेवलेलेंच नव्हतें. ती पुन्हां उभारण्याच्या खटपटींत चुकून मूळ साठाच पुसला गेला व सुमारें सहा तासांच्या नोंदी गमावल्या. कंपनीनें हें सारें स्वतःच प्रसिद्ध केलें, हें मानलें पाहिजे.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत पोस्टग्रेसची दहावी आवृत्ति निघाली. तींत प्रतिकृतीस पुरेल इतकी तपशीलवार कीर्द आणि नोंदी पाठविण्यास दहा जागा आरंभापासूनच मिळूं लागल्या. कीर्द थोडी फुगते खरी. पण हा खर्च मला रास्त वाटतो.

दप्तराची कळ मात्र अजूनहि बंदच येते, आणि ती फिरविण्यास डेटाबेस थांबवावा लागतो. म्हणून जाणते लोक उभारणीच्याच दिवशीं ती चालू करतात व वह्या नेण्याची आज्ञा नाममात्र ठेवतात. खरी आज्ञा पुढें काम न थांबवितां देतां येते. त्या दिवशीं साऱ्या साठ्याची पूर्ण नक्कल नव्यानें घ्यावी, कारण आधींच्या वह्या दप्तरांत आलेल्या नसतात.