नाईक यशवंत घाडगे आणि आपल्या देवळातील दोन दगड

(श्रीभैरवनाथ मंदिराच्या जीर्णोद्धार सोहळ्यात ग्रामस्थ व देणगीदार यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. मी तालुका कचेरीतला कारकून, शिक्षण एस. एस. सी. पर्यंत. व्याख्यान देणे हा माझा पिंड नव्हे. परंतु कामाच्या हिशेबाची वही माझ्याकडे होती, रोज संध्याकाळी देवळात येणे होते, आणि त्यामुळे देवळातील दोन दगडांवरून झालेला वाद मी पहिल्यापासून ऐकला. त्या वादाविषयीच बोलावे असे ठरविले आहे.

पहिला दगड म्हणजे दीपमाळेपाशी पडलेला वीरगळ. आपण लहानपणी त्याच्यावर बसून चिंचा खाल्ल्या. खालच्या चौकटीत लढणारा वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवपिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. दुसरा दगड जुन्या सभामंडपाच्या भिंतीत बसविलेली संगमरवरी पाटी. असल्या पाट्या पुणे, सातारा, रत्नागिरी या भागांतील कितीतरी गावांत आहेत. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच इंग्रजीत मजकूर. आकडा आहे, नाव एकाचेही नाही.

भिंत उतरविली तेव्हा प्रश्न निघाला. वीरगळ शेंदूर लावून पारावर बसवावा याला कोणाची हरकत नव्हती. पाटीचे मात्र तरुण मंडळींनी स्पष्ट सांगितले, की ही साहेबाच्या चाकरीची खूण आहे, नव्या देवळात तिला जागा नको. वडीलधारी मंडळी गप्प राहिली. मीही गप्प राहिलो, कारण पोरांचे म्हणणे एकदम खोडून काढावे असे नव्हते. त्याचे उत्तर शोधताना मला नाईक यशवंत घाडगे आठवले. त्यांची हकीकत आधी ऐका, मग पाटीचे काय ते ठरवू.

आपल्याकडून मुळशीच्या रस्त्याने निघून ताम्हिणी घाट उतरला, की खाली माणगाव तालुका लागतो. पूर्वीचा कुलाबा, आताचा रायगड जिल्हा. त्या तालुक्यातील पळसगाव येथे नोव्हेंबर १९२१ मध्ये यशवंत घाडगे यांचा जन्म झाला. ते फौजेत भरती होऊन पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक झाले. ही पलटण जुनी, १७९७ सालची. पहिल्या महायुद्धात तिचे नाव ११०वी मराठा लाइट इन्फंट्री असे होते. मेसोपोटेमियात कूत येथे वेढ्यात सापडून, दाणागोटा संपल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी जी फौज तुर्कांच्या कैदेत गेली, तिच्यात ही पलटण होती. आपल्या पाटीवर ज्या लढाईचा आकडा आहे, तीच ही लढाई.

दुसऱ्या महायुद्धात हीच पलटण दहाव्या हिंदी डिव्हिजनमधून इटलीत गेली. तेथे टायबर नावाची नदी आहे. तिच्या वरच्या खोऱ्यात, डोंगराळ मुलखात, जर्मनांनी जागोजाग मोर्चे बांधले होते. १० जुलै १९४४ रोजी यशवंत घाडगे यांच्या कंपनीने अशाच एका भक्कम ठाण्यावर चाल केली. घाडगे एका सेक्शनचे प्रमुख होते. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि त्यांच्या सेक्शनमधील एकूणएक जवान मेला किंवा जखमी झाला. उभे राहिले ते एकटे घाडगे.

मंडळी, त्या क्षणी त्या माणसाने आडोसा धरला असता, तर जगातल्या कोणीही त्यांना बोल लावला नसता. मागे हुकूम देणारा नाही, पुढे हुकूम ऐकणारा उरला नाही. पण घाडगे सरळ मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकून गन व ती चालविणारा यांना निकामी केले. मग टॉमीगनने आणखी एकाला पाडले. मॅगझीन बदलायला सवड नव्हती, म्हणून गन नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांशी झुंज दिली आणि त्यांना ठार केले. मोर्चा हाती आला. तेवढ्यात लपून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांच्या छातीत व पाठीत गोळ्या घातल्या. जिंकलेल्या त्या मोर्च्यातच त्यांनी प्राण सोडला. वय बावीस वर्षे. आमच्या घरात या वयाच्या पोराला दुधाची पिशवी आण म्हटले तर दोनदा सांगावे लागते.

त्या पराक्रमाबद्दल त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. ब्रिटिश फौजेतील याहून मोठे पदक नाही. देहाची समाधी मात्र कोठे नाही. कॅसिनो येथील स्मारकावर, ज्यांच्या कबरीचा वा दहनाचा ठावठिकाणा नाही अशांच्या यादीत त्यांचे नाव आहे. इकडे माणगावात तहसील कचेरीबाहेर त्यांचे स्मारक उभे आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी आलेला शेतकरी त्यांच्यासमोरून जातो. मी स्वतः कचेरीतला माणूस असल्यामुळे मला ही जागा फार योग्य वाटते.

आता तरुण मंडळींच्या प्रश्नाकडे येतो. हे युद्ध कोणाचे? सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे परस्पर जाहीर केले. येथल्या एकाही लोकप्रतिनिधीला विचारले नाही, म्हणून काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. ऑगस्ट १९४२ मध्ये 'छोडो भारत'ची हाक आली. त्या वेळी आपल्या पुण्यात काय चालले होते? ९ ऑगस्ट रोजी काँग्रेस भवनावर तिरंगा फडकवताना नारायण दाभाडे हा कोवळा तरुण पोलिसांच्या गोळीने पडला. महात्माजींना येरवड्याजवळ आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध केले. तेथे त्याच १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई गेले, २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. ६ मे १९४४ रोजी महात्माजी सुटले. त्यानंतर दोनच महिन्यांनी टायबरच्या खोऱ्यात यशवंत घाडगे पडले. एक तरुण इंग्रजांच्या गोळीने मेला, दुसरा इंग्रजांची वर्दी अंगावर असताना मेला. दोघेही आपलेच. तेव्हा पोरांनी विचारलेला प्रश्न खोटा नाही. युद्ध साहेबाचे होते हे मी मान्य करतो. लाखो तरुण भरती झाले, युद्ध संपेपर्यंत हिंदी फौज पंचवीस लाखांवर गेली, त्यात कोणाला पगाराची गरज होती, कोणाच्या घरी शिपाईगिरीची परंपरा होती. स्वराज्यासाठी म्हणून ते गेले असे म्हणणे खोटेपणाचे होईल.

पण मी कारकून माणूस, मला ही गोष्ट जमिनीच्या हिशेबाने कळते. कूळकायद्यापूर्वी जमीन कागदावर एकाच्या नावाने असे आणि घाम दुसऱ्याचा गळे. १९४८ चा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ हा कृषिदिन ठरला आणि सरकारने मान्य केले, की कसेल त्याचा हक्क. मालकाचे नाव कागदावर होते म्हणून कुळाचे कष्ट मालकाचे ठरत नाहीत. तसेच हे आहे. युद्धाचा मालक लंडनला होता. पण ज्या क्षणी सगळे सोबती पडले आणि एकटा माणूस पुढे धावला, त्या क्षणाचा मालक कोण? तो पगारात बसत नाही, हुकुमात बसत नाही. तो कसणाराचा आहे. ते पीक आपण साहेबाच्या खात्यावर का टाकावे?

याला आणखी एक पुरावा आहे. नामदेव जाधव यांचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमज गावचे. त्यांचाही जन्म नोव्हेंबर १९२१ चाच, म्हणजे दोघे अगदी बरोबरीचे. हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत होते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतच सेनिओ नदीवर त्यांची तुकडी जवळजवळ संपली, तेव्हा त्यांनी आधी जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून उचलून सुरक्षित जागी नेले. मग परत फिरून मशीनगनचे तीन मोर्चे बंद पाडले आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्या कंपन्यांना पुढे बोलाविले. ती गर्जना बादशहाच्या नावाची नव्हती, शिवछत्रपतींच्या नावाची होती. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते जगले आणि १९८४ साली आपल्या पुण्यातच वारले.

आणि घाडग्यांच्या पलटणीचे पुढे काय झाले? स्वातंत्र्यानंतर ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाइल येथे आकाशातून जी पलटण उतरली आणि १६ डिसेंबरला ढाक्यात सर्वांत आधी शिरली, ती हीच. कूतला साहेबाच्या युद्धात कैद झालेली पलटण बांगलादेशच्या मुक्तीसाठी उतरली. मधल्या पिढीची कमाई साहेबाची म्हणून टाकून दिली असती, तर पुढच्या पिढीच्या हाती काय आले असते?

आता त्या वीरगळाकडे पाहा. तो कोणत्या राजासाठी लढला, लढाई न्यायाची होती की अन्यायाची, की कोणाची गुरे सोडविताना तो पडला, दगडावर काहीच लिहिलेले नाही. आपल्या पूर्वजांनी ते विचारले नाही. गावचा माणूस लढता लढता पडला, एवढ्यावर त्यांनी त्याला शिवपिंडीपाशी बसविले. पाटीवरचे लोक याहून वेगळे नव्हेत. फरक एवढाच, की वीरगळ आपण घडविला, आणि पाटी साहेबाने आपल्या भाषेत, आपल्या हिशेबाने लावली. माणसांची संख्या लिहिली, नावे लिहिली नाहीत.

शेवटी एक गोष्ट सांगतो. जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावाने यशवंत घाडगे यांचे स्मारक उभारले. पेरुजियाजवळचे हे लहान गाव. ना आपली भाषा, ना आपला देव, आणि तेथे हिंदी जवान परक्याची फौज म्हणूनच आले होते. तरी त्या लोकांनी एका कोकणी पोराची आठवण ठेवली. स्मारक म्हणजे काय, तर सूर्याच्या सावलीवर वेळ दाखविणारे घड्याळ, आणि त्याचे ब्रीदवाक्य आहे, की आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत. हे वाचल्यावर मला घाडग्यांच्या हातून मेलेले ते जर्मन शिपाईही आठवले. तेही कोणाची तरी पोरे होती, आणि त्यांनाही कोणी दुसऱ्यानेच तेथे धाडले होते. आपल्या वीरगळाच्या माथ्यावर सूर्य आहे तो काही उगाच नव्हे.

मंडळी, हिशेबाच्या वहीत पाचशे एक रुपयांपासून पुढे देणगी दिलेल्या प्रत्येकाचे नाव आहे, आणि ते संगमरवरावर कोरून भिंतीत बसणार आहे. ते योग्यच आहे. पण ज्यांनी जीव दिला त्यांचा नुसता आकडा, आणि तोही भंगारात, हे श्रीभैरवनाथाला रुचणार नाही. भैरवनाथ हा स्वतः रणातला देव आहे.

म्हणून माझी समितीपुढे आणि विशेषतः तरुण मंडळींपुढे विनंती अशी: ती पाटी वीरगळाच्या शेजारी, पारावर बसवावी. साहेबाची म्हणून तिच्यावर फूल वाहू नका, हवे तर. पण तिच्याखाली मराठीत एक नवी पाटी लावू, आणि तिच्यावर त्या माणसांची नावे कोरू. नावे कोठून आणायची, असे विचाराल. घराघरांतून. गाव आता महापालिकेत गेले, जुन्या वाड्यांच्या जागी इमारती झाल्या, तरी पेटीच्या तळाशी एखादे पदक, पेन्शनचे एखादे जुने पुस्तक, आजीच्या तोंडची 'तो लामच्या लढाईला गेला तो आलाच नाही' अशी एखादी आठवण अजून शिल्लक असेल. दोन नावे मिळाली तर दोन कोरू. बाकीच्यांसाठी जागा मोकळी ठेवू. ज्या दिवशी नाव सापडेल त्या दिवशी कोरण्याचा खर्च मी माझ्या पगारातून देईन, हे या सभेत सांगून ठेवतो.

  

जय हिंद, जय महाराष्ट्र.