मुंबईतील वस्तुसंग्रहालये आणि आपला हक्क
(आंजर्ले येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कोकणातील माणूस पोटासाठी मुंबईस जातो आणि सणावारी परत आला म्हणजे मुलांना राणीचा बाग दाखविल्याचे कौतुकाने सांगतो. परंतु त्या बागेस लागूनच १८७२ साली उघडलेले, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे वस्तुसंग्रहालय आहे. त्यात आपण किती वेळा पाऊल टाकले? “ते शिकलेल्यांचे स्थान, आपले तेथे काय काम?” हा समज आज मला खोडून काढावयाचा आहे.

आपले तेथे काय काम, ते ऐका. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी वसईजवळील सोपारा येथील स्तूप उकरला. त्यात दगडी पेटी निघाली. पेटीत तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे एकात एक ठेवलेले करंडक होते, भिक्षापात्राचे तुकडे होते आणि सभोवती बुद्धाच्या आठ धातुमूर्ती होत्या. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. सोपाऱ्यासच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली, म्हणजे नागपूरच्या धर्मांतराच्याच वर्षी, जवळच्या भुईगाव येथे मिळाला. हे दोन्ही तुकडे १९२२ साली खुल्या झालेल्या व आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून प्रसिद्ध असलेल्या संस्थेत आहेत.

आठवा लेख काय सांगतो? पूर्वीचे राजे शिकारीसाठी व करमणुकीसाठी यात्रा करीत. अशोकाने राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षानंतर बोधिवृक्षाच्या स्थानी जाऊन धम्मयात्रा सुरू केली. वडीलधाऱ्यांना भेटावे, खेड्यातील लोकांना भेटावे, धम्माविषयी बोलावे, हे त्या यात्रेचे स्वरूप होते. आपणही मुंबईच्या एका सहलीची अशी धम्मयात्रा करू शकत नाही काय?

आता हक्काचे बोलतो. घटनेच्या १५ व्या कलमाने सरकारी पैशातून पूर्णतः वा अंशतः चालणारी किंवा सर्व जनतेसाठी ठेवलेली सार्वजनिक स्थाने धर्म, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणासही बंद ठेवता येत नाहीत. प्रवेशशुल्क सर्वांस सारखे असेल तर ते जरूर भरावे. पण दारातून आत जाताना मान खाली घालण्याचे कारण नाही. तेथे आपण उपकाराने जात नसून नागरिक म्हणून जातो.

हक्कामागे कर्तव्य येते. ५१-अ कलमाने वारशाचे जतन हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. आपल्याच दापोली तालुक्यात पन्हाळेकाजी येथे २९ लेणी आहेत. त्यांतील जुनी लेणी बौद्धांची असून पुढे तेथे नाथपंथीय आले. तेथे जा, पण भिंतीवर नाव कोरू नका, मूर्तीस रंग लावू नका. शेतात नांगराखाली जुने नाणे वा मूर्ती निघाली तर लपवू अथवा विकू नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची जुनी वस्तू मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी खबर देणे बंधनकारक आहे.

आणि आपल्या घरातील ठेव्याचे काय? दीक्षेच्या दिवशीचे छापील पत्रक, वडिलांचा शाळेचा दाखला, पाणवठ्याच्या तक्रारीचा अर्ज, मुंबईहून आलेली पत्रे हे सारे आपण रद्दीत घालतो वा वाळवीच्या स्वाधीन करतो. न्यायालयात पुराव्यावाचून दावा टिकत नाही. समाजाचेही तसेच आहे. पन्नास वर्षांनी कोणी विचारील की या गावात माणसे कोणत्या स्थितीतून वर आली, तेव्हा तोंडचा शब्द पुरणार नाही, कागद लागेल. म्हणून प्रत्येक घराने असे कागद एका कोरड्या पेटीत ठेवावेत. प्रत्येकावर कोणाचा, केव्हाचा हे लिहावे, आणि विहारात त्यांची यादी करावी.

सोपाऱ्याची पेटी ज्यांनी पुरली त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. पण त्यांनी ती काळजीपूर्वक ठेवली, म्हणून आपला पुरावा उरला. आपणही तेवढी काळजी घ्यावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो. जय भीम.