शिकाऊ परिचारिकेचे पहिले धडे

लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत १८६० सालीं नाइटिंगेल निधींतून परिचारिकांची शाळा निघाली. उमेदवारी एक वर्षाची असे. तेथें शिकावयाच्या कांहीं गोष्टी ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल, इतक्या त्या घरगुती होत्या: रोगी अंथरुणांत असतांनाच चादर बदलणें, पेज करणें, खोलींत वारा खेळता ठेवणें. परंतु निश्चल रोगी एकाच अंगावर पडून राहिला व खालीं चुणी किंवा ओल असली, म्हणजे माकडहाडापाशीं व्रण पडतो. तो कित्येकदां मूळ दुखण्याहून चिवट ठरतो. म्हणून हा धडा आजही आरंभींच येतो.

याहून अवघड धडा श्वास मोजण्याचा. नाडी पाहून झाली तरी विद्यार्थिनीनें मनगटावरचा हात काढावयाचा नसतो. त्याच मिषानें छातीचें वरखालीं होणें पूर्ण एक मिनिट मोजावयाचें असतें. कारण कोणी श्वास मोजीत आहे हें कळतांच रोग्याचा श्वास बदलतो. विश्रांतींत प्रौढ माणसाचे श्वास मिनिटास साधारण १२ ते २० असतात. ते वाढूं लागणें ही प्रकृति ढांसळण्याची बहुधा पहिली सूचना. आणि नेमका हाच आंकडा घाईंत अंदाजानें भरला जातो. १८ लिहिणें सोपें असतें. मोजून ३० आले, तर मध्यरात्रीं डॉक्टरांस उठवावें लागतें.